गुरुवारी पाच ते सहा

मंगळवारी आणि शुक्रवारी मी कॉलेजला जात नसे. त्या दोन दिवशी टँकर यायचा. किती वाजता येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. दहाला येतो म्हणायचा आणि दोनला उगवायचा. चाळ बावीस खोल्यांची, टँकर एक, आणि ज्याचं माणूस ड्रमपाशी उभं नाही त्याचा ड्रम कोरडा. बाबा धाराशिवकडून इकडे चाकणजवळच्या या गावात आले ते लोडिंगच्या कामाला. चार वर्षांत कंबर गेली, मग एका गेटवर वॉचमन म्हणून बसले. आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पहिल्या शिफ्टला पोळ्या लाटायची. धाकटी बहीण शाळेत. राहिले मी. ड्रमवर बसून पुस्तक वाचायचे आणि टँकरचा हॉर्न ऐकला की पुस्तक पोलक्यात खोचून पाईपला झोंबायचे. दुसऱ्या वर्षाला हजेरी भरली नाही म्हणून मला परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं. आई म्हणाली, "पुढल्या वर्षी बस. पर बस."

मी बसले आणि पास झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

विषय जर्मन. तो आईनं निवडला. कॅन्टीनमध्ये एकदा परदेशी पाहुणे आले होते आणि त्यांच्याबरोबर पुण्याची एक मुलगी होती, त्यांचं बोलणं मराठीत सांगणारी. तिला न्यायला-आणायला कंपनीची गाडी. आईनं हात पुसले आणि सरळ जाऊन तिला विचारलं, "बाई, तुम्ही काय शिकला?" घरी येऊन मला म्हणाली, "जर्मन म्हणून काहीतरी असतंय. ते घे." पुण्याच्या कॉलेजात ते होतं. दोन बस बदलून मी ते घेतलं.

माझी पहिली नोकरी म्हणजे ते जर्मन आजोबा. नाव लिहीत नाही. त्यांना आपलं नाव कुठं लिहिलेलं आवडत नसे, ते पुढे येईलच. वय पंच्याहत्तरच्या आसपास, उंची दाराला लागेल एवढी, केस पांढरे, कान मोठे आणि उन्हात लाल होणारे. आयुष्यभर एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर चाकणच्या एका कंपनीत पोरांना हातकाम शिकवायला दर हिवाळ्यात चार महिने यायचे. इंग्रजी त्यांना जेमतेम, पोरांनाही जेमतेम, म्हणून मधे मी. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'अहो' म्हटलं. जर्मनमध्येही अरे-तुरे आणि अहो-जाहो वेगळं असतं. बावीस वर्षांच्या आयुष्यात मला तोवर कुणीच अहो म्हणालं नव्हतं. मी घरी येऊन आरशात पाहिलं.

कंपनीनं त्यांना चिंचवडला हॉटेल दिलं होतं. तिथे ते तीन दिवस टिकले. "मला कामाला चालत जायचं आहे," म्हणाले. मग आमच्या गावात, आमच्या चाळीसमोर, आमच्याच घरमालकाच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर खोली घेतली. चाळ आणि बिल्डिंग दोन्ही एकाच मालकाची. मालक मूळ गावचे, जुने शेतकरी, जमिनी कंपन्यांना गेलेले. आवाज मोठा, मन बरं, आणि एकच दुखणं: ग्रामपंचायतीला उभे राहिले होते आणि पडले होते.

जर्मन आजोबांच्या पँटच्या खिशात कायम एक लाकडी पट्टी असायची, घडीची. उलगडली की दोन मीटर. ते काहीही मोजायचे. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, रस्त्यातला खड्डा मोजला, माझ्या आईची भाकरी मोजली. "बावीस सेंटीमीटर," म्हणाले, आणि दुसरी ठेवली तर तीही बावीसच. त्यांनी आईकडे असं पाहिलं की जणू टूलरूमची हेड हीच. आईला ते एवढं आवडलं की रोज संध्याकाळी त्यांची भाकरी आमच्याकडून जायला लागली. पण त्यांना ती गारच पाहिजे. गार भाकरी, वर लोणी, आणि सुरीनं चौकोनी तुकडे. आईचा जीव खालीवर व्हायचा.

"गार भाकर पाहुण्याला? लोकं शेण घालतील तोंडात."

"आई, त्यांच्याकडे संध्याकाळी गारच खातात."

"मग त्यांच्या घरी बाया हाईत का न्हाईत?"

मी हे भाषांतर केलं नाही. पण ते हट्टाला पेटले, "काय म्हणाल्या त्या? जसंच्या तसं सांगा." सांगितलं. ते इतके हसले की कान लाल झाले. "बायको होती," म्हणाले, "तीच शिकवून गेली गार खायला."

शनिवारची गोष्ट तर अख्ख्या गावाला माहीत. ते ज्या भागातले, तिथे म्हणे इमारतीतली घरं आठवड्याआठवड्यानं पाळी लावून जिना आणि समोरचा रस्ता झाडतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. पहिल्या शनिवारी आजोबा खराटा घेऊन उतरले आणि बिल्डिंगसमोरचा रस्ता झाडायला लागले. मालकीणबाई धावतच आल्या.

"अगं, सायबाला सांग की, ठेवा म्हनावं तो खराटा! लोकं म्हनत्याल, भाडं घेतात आन वर झाडूनबी घेतात!"

आजोबांनी झाडून संपवलं. सोमवारी कंपनीत भंगारातल्या पत्र्याची एक छोटी पाटी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, भोक पाडून दोरी ओवली, आणि माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं: 'या आठवड्यात आमची पाळी'. पुढच्या शनिवारी ती पाटी मालकाच्या दारावर लटकलेली.

मालक खाली आले. पाटी वाचली. मला म्हणाले, "ही काय भानगड हाय?"

मी सांगितलं.

"माझ्या बिल्डिंगीत मीच झाडू?"

आजोबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही राहता ना इथे?"

मालक काहीतरी बोलणार, तेवढ्यात मालकीणबाईंनी आतून खराटा आणून त्यांच्या हातात दिला. "झाडा. सारी गल्ली बघतीय." त्या दिवशी बघायला पन्नासेक माणूस होतं. एकानं तर शिट्टी मारली. मालकांनी झाडलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं झाडलं, शेतकऱ्याचा हात होता तो. पुढच्या आठवड्यात पाटी वरच्या मजल्यावर गेली, आणि महिन्याभरात रस्ता ओलांडून चाळीत आली.

आता त्यांचं दुसरं आयुष्य. ते कारखान्यात काम करत होते तेव्हाच चोवीस वर्षं आपल्या गावचे प्रमुख होते. निवडून आलेले. त्यासाठी मला मराठीत सरळ शब्द सुचला तो सरपंच, आणि मी तोच वापरला. चाळीत बातमी पसरली की आजोबा तिकडचे सरपंच. मालकांना विशेष रस.

"कामावर असताना सरपंच? मग पगार दोन?"

"त्या कामाचा पगार नव्हता. संध्याकाळी करायचो."

"बिनपगारी? चोवीस वर्सं?" मालक माझ्याकडे वळले. "नीट इचार. मंग बंगला कशातनं बांधला?"

"बांधला नाही. वडिलांचंच घर आहे."

"मंग केलं काय चोवीस वर्सं?"

आजोबांनी बोटांवर मोजत सांगितलं. सांडपाण्याची नळी. बालवाडी. दफनभूमीत पाण्याचा नळ, म्हणजे थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालायला म्हाताऱ्यांना लांबून आणावं लागू नये. बसथांब्यावर छप्पर. आणि शेवटी, "एका रस्त्याला उशीर." ते शेवटचं काय ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. कशावरही त्यांचं नाव नाही हे मात्र मुद्दाम सांगितलं. तिथल्या लोकांनी बालवाडीला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा यांनीच सभेत विरोधात हात वर केला होता.

गावचे प्रमुख असताना दर गुरुवारी पाच ते सहा ते कचेरीत बसायचे. कुणीही यावं, काहीही विचारावं. चोवीस वर्षांत दोनच गुरुवार चुकले, एक बायको गेली तेव्हा, एक दाढ काढली तेव्हा. इकडे आल्यावर त्यांना गुरुवारी पाच वाजता काय करावं हे सुचेना. म्हणून ते गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. काही उद्देश नव्हता. हाताला वळण, तसं बसण्याला वळण. मीही शेजारी बसायचे, त्यांनी सांगितलं नव्हतं तरी.

पहिले तीन गुरुवार पिठानं पांढरं झालेलं गिरणीचं कुत्रं सोडून कुणी आलं नाही. चौथ्या गुरुवारी चाळीतले एकजण आले. "साहेब, भाच्याला कुठंतरी चिकटवा की." आजोबांनी भाच्याचं नाव, शिक्षण, सगळं लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारी त्यांनाच शोधून काढून सांगितलं: "नाही जमणार. कंपनीत आयटीआय लागतो, त्याचा नाही. आयटीआयचे फॉर्म कधी निघतात ते या कागदावर आहे." माणूस थक्क झाला. नोकरीमुळे नव्हे, उत्तरामुळे. तो मला म्हणाला, "ताई, आजवर सगळ्यांनी बघू म्हणलं. नाही कुणीच म्हणलं नव्हतं." 'बघू' या शब्दाशी आजोबांचं वैरच होतं. कुणी बघू म्हणालं की ते घड्याळ दाखवून विचारायचे, "कधी? किती वाजता?"

गर्दी वाढली. रेशनकार्ड, गॅस, नवऱ्याचं पिणं, शाळेचा दाखला. बऱ्याच गोष्टींत ते काहीच करू शकत नव्हते आणि तसं सांगायचे. लोक तरी येत. ऐकणारं कुणी एक तास एका जागी बसलंय, एवढंच पुष्कळ होतं.

आणि मग पाण्याचं निघालं. ते निघणारच होतं.

गावात नळयोजना आली होती. पाईप वेशीपासून देवळापर्यंत, देवळापासून गिरणीपर्यंत आला आणि गिरणीच्या कोपऱ्यावर थांबला. आमच्या गल्लीचं तोंड तिथून दिसतं. आजोबांनी खिशातली पट्टी काढली आणि गुडघ्यावर बसून, पट्टी पुढे पुढे सरकवत, पाईपच्या टोकापासून चाळीच्या पहिल्या खोलीपर्यंत मोजलं. एकतीस मीटर, वीस सेंटीमीटर. मागे पोरांची मिरवणूक.

"एकतीस मीटरसाठी तुम्ही कॉलेज बुडवत होता?" त्यांनी मला विचारलं.

मी ग्रामपंचायतीत आधी जाऊन आले होते. तिथे मला जे सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं: चाळीत मतदार नाहीत. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांच्यासाठी ठराव कोण मांडणार?

"एकही नाही?"

एकही नव्हतं. बावीस खोल्या, कुणी चौदा वर्षं राहतंय, कुणी वीस, आणि सगळ्यांची नावं आपापल्या गावाकडे. धाराशिव, नांदेड, वाशीम, जळगाव. निवडणूक आली की गावाकडून जीप यायची, फुकट नेऊन फुकट आणायची, मधे एक मटणाचं जेवण. सख्खे-चुलत भेटायचे. आम्ही त्याला सणच समजायचो. मतदान हे गावी जाऊन करायचं असतं, हेच आमच्या डोक्यात पक्कं.

आजोबांना हे कळायला दोन गुरुवार लागले. "माणूस झोपतो कुठे?" ते पुन्हा पुन्हा विचारायचे. "पाणी पितो कुठे? मत तिथेच असायला हवं ना?"

नाव आणायचं तर इथे राहतो याचा कागद हवा. तो मालकानं द्यायचा. आणि मालक कागद देत नसत. इथला एकही मालक देत नाही. कागद दिला की भाडेकरू खोलीला चिकटतो, ही भीती. पण आजोबांना मात्र खोली घेतली त्या आठवड्यात मालकांनी सही-शिक्क्याचा कागद दिला होता, पोलिसांना दाखवायला. आईला हे कळलं तेव्हा ती मालकीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वहिनी, त्या बाबाला आठ दिवसात कागद. मला चौदा वर्षांत न्हाई. मी काय तुमची खोली पिशवीत घालून नेणार हाय?"

मालकीणबाईंना ते पटलं होतं, पण सही त्यांची नव्हती.

मला वाटलं, आजोबा आता मालकांना न्याय-अन्याय सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. पुढच्या गुरुवारी मालक नेहमीसारखे गिरणीपाशी गप्पा मारायला आले. आजोबांनी त्यांना शेजारी बसवलं आणि चहा सांगितला.

"तुम्ही निवडणुकीला उभे होता. किती मतांनी पडलात?"

मालकांचा चेहरा उतरला. "सतरा."

"चाळीत खोल्या किती?"

"बावीस." मालकांनी चहाचा घोट घेतला. कप तोंडापाशीच राहिला. मला पुढं काही भाषांतर करायची गरज पडली नाही. गिरणीचा पट्टा फट्फट् वाजत होता आणि मालक समोरच्या चाळीकडे असं बघत होते की जणू ती आजच बांधली.

"आयला," ते शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कागद मिळायला लागले. मालक स्वतः दारोदार. आईच्या हातात कागद देताना म्हणाले, "मावशी, ध्यानात ठेवा बरं का आमाला."

आई म्हणाली, "पाण्याचं बघा, मग मताचं बघू. आन मत आमच्या मनानं देऊ."

हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. राजकारणी माणूस होता तो, विसरू नका. साधाभोळा नव्हता.

पण कागद मिळूनही आई फॉर्म भरेना. फॉर्म घेऊन अंगणवाडीच्या बाई दोनदा येऊन गेल्या. आईचं म्हणणं, इथलं नाव लावायचं म्हणजे तिकडचं कापायचं. नाव कापणं हे शब्द तिच्या तोंडून निघत नव्हते. गावाकडे दीड एकर पडीक आणि एक पडकी खोली, तेवढंच. "भावकी म्हणल, तुमचं काय राहिलं हितं? यायचं तर पाव्हण्यावानी या." दुसऱ्याला कागद मागताना वाघीण झालेली बाई स्वतःच्या फॉर्मपाशी अडली. आजोबांची परत जायची वेळ आली. त्यांनी तिच्यावर जोर केला नाही. जाताना शेवटच्या गुरुवारी फक्त त्या रस्त्याची गोष्ट सांगितली, उशीर झालेल्या.

त्यांच्या गावाबाहेर दगडाची खाण होती. तिथे इटलीहून आलेले कामगार बराकीत राहायचे. बराकीचा रस्ता म्हणजे चिखल. ते लोक रस्ता मागायला आले तेव्हा यांनी, नव्या नव्या सरपंचानं, उत्तर दिलं होतं: तुमची मतं इथं नाहीत. अगदी हेच वाक्य. त्यानंतर त्या बराकीतली एक बाई दर गुरुवारी पाच वाजता कचेरीत यायची. चिखलानं भरलेले बूट घालून. कचेरीत नवा गालिचा होता. त्याच्या मधोमध तासभर उभी राहायची, एक शब्द न बोलता, आणि सहाला निघून जायची. अकरा गुरुवार. बाराव्या गुरुवारच्या आत रस्त्याचं काम सुरू झालं.

"पुढे कायदा बदलला," आजोबा म्हणाले, "त्यांना गावात मत मिळालं. ती मत देऊन आली आणि सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, तुम्हाला दिलं नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जणू पदक मिळालं.

आईनं विचारलं, "तिचं नाव तिकडं, तिच्या गावाकडं, राहिलं का गेलं?"

"ते मी कधी विचारलंच नाही," आजोबा म्हणाले, आणि पट्टी उलगडून मिटून बसले.

त्या रात्री न जेवता बसलेल्या आईला बाबा म्हणाले, "माझं नाव तिकडं राहू दे. भावकी मी सांभाळतो. तू तुझं हिकडं आण. एका घरात दोन गावं असली तर काय बिघडतंय?" आयुष्यात फारसं न बोलणाऱ्या माणसानं एवढं एकच बोलून आमचं घर मार्गी लावलं. सकाळी आईनं फॉर्मवर सही केली. तिची सही म्हणजे नावातली चार अक्षरं, प्रत्येक वेगळ्या उंचीचं. ती मीच शिकवलेली.

ते परत गेले. दर महिन्याला आईच्या नावे पोस्टकार्ड यायचं. पुढे त्यांच्या गावातल्या कसल्यातरी हौदाचं चित्र, मागे एकच ओळ: 'नावं किती झाली?' आई फोनवर माझ्याकडून कळवायची. चार. अकरा. मग एकदम एकोणतीस, कारण वाशीमवाल्यांनी नांदेडवाल्यांशी इरेला पडून अख्ख्या खोल्या भरल्या.

पुढच्या हिवाळ्यात ते आले तेव्हा सव्वीस जानेवारीची ग्रामसभा तोंडावर होती. शाळेच्या मैदानात मांडव. झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली, आणि गावच्या सरपंचांनी परदेशी पाहुण्याचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फेटा. फेटा त्यांच्या कानांवरून सारखा सरकत होता. चाळीतली सगळी माणसं मागे बसलेली, त्यात यादीत नाव लागलेली एकोणतीस पुढे, बाकीची आणखी मागे. सगळ्यांचं ठरलेलंच होतं: आज आजोबा पाण्याचं बोलणार. गोऱ्या माणसाचा शब्द. त्याला कोण नाही म्हणेल?

सरपंच म्हणाले, "पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत."

आजोबा उठले. मी शेजारी. ते जर्मनमध्ये बोलले आणि थांबले, माझी वाट बघत. ते म्हणाले होते: "मान दिलात, आभारी आहे. पण माझं नाव या गावच्या यादीत नाही. या सभेत मागण्याचा हक्क मला नाही. ज्यांची नावं आहेत ते बोलतील." एवढंच. आणि बसले.

मांडवात जर्मन समजणारी मी एकटी. मी म्हणू शकत होते, पाहुणे म्हणतात चाळीला पाणी द्या. टाळ्या पडल्या असत्या, कदाचित पाणीही आलं असतं. एकतीस मीटर माझ्या जिभेवर होते. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आजोबांकडे बघत होती.

मी जसंच्या तसं सांगितलं.

मागून कुजबुज झाली. कुणीतरी स्पष्टच म्हणालं, "च्यायला, याला दोन हिवाळे भाकरी कायला घातली?" आणि मग बायकांच्या बाजूनं आई उभी राहिली. सणाची हिरवी साडी, हातात कागद. तिला वाचता फार येत नाही. कागद नुसता धरला होता.

"मी खोली नंबर नऊ. यादीत माझं नाव हाय, बघून घ्या. गिरणीच्या कोपऱ्यावर पाईप थांबलाय. तिथून आमची चाळ एकतीस मीटर. वर वीस सेंटीमीटर हाय, ते आम्ही सोडून देतो."

मांडव हसला. समोरून एक आवाज आला, "मावशी, तुमचं मत तिकडं गावाकडं ना?"

"होतं. आता हितं हाय. एकोणतीस जणांचं हाय. उभे राहा रं." आणि एकोणतीस माणसं उभी राहिली, काही लाजत, काही गुडघ्यावर हात टेकत. "माझ्या लेकीचं एक वर्ष ड्रमापाशी गेलं. धाकटी आता दहावीला हाय. तिचं मी जाऊ देणार न्हाई. ठरावात लिहा."

सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं. ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं. "सूचक झाल्या. अनुमोदक कोण?"

आमचे घरमालक उठले. "माजं नाव लिवा. आन मोठ्यानं वाचून दाखवा."

परतताना मी आजोबांवर रुसले होते. म्हटलं, "तुम्ही बोलला असता तर काय झालं असतं?"

"मी चार महिने राहून जातो," ते म्हणाले. "त्या नऊ नंबरमध्ये राहतात." आणि डोक्यावरचा फेटा काढून, घडी मोडणार नाही असा, हातात धरून चालत राहिले.

उन्हाळ्यात नळ आला. आईचा नळापाशी उभं राहून काढलेला फोटो मी त्यांना पाठवला. मला वाटलं अभिनंदन येईल. उत्तर आलं: 'बादली किती मिनिटांत भरते?' आईनं मोबाइल लावून वेळ घेतली. चार मिनिटं. त्यांचं उत्तर: 'कमी आहे. गुरुवारी विचारा.'

पण गुरुवारी विचारायचं कुणाला? ओट्यावर बसणारे ते, आणि ते तिकडे. आईनं एक गुरुवार जाऊ दिला. दुसऱ्या गुरुवारी शिफ्टवरून आली, तोंड धुतलं, आणि पाच वाजता गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसली. लोक आले. आई लिहून घेत नाही, तिच्या लक्षात राहतं. जे होणार नाही ते नाही म्हणून सांगते. पुढच्या निवडणुकीत मालक एकदाचे निवडून आले, आणि आता दर गुरुवारी साडेपाचला त्यांनाही ओट्यावर यावं लागतं. आईनं त्यांना मत दिलं का, हे त्यांनी तिला तीनदा विचारलं. ती सांगत नाही.

त्यानंतर आजोबा दोनदा आले. तिसऱ्या वर्षी आले नाहीत. त्यांच्या मुलीचं पत्र आलं. शरद ऋतूत, घरीच, झोपेत गेले. पत्राबरोबर त्यांच्या गावच्या पत्रिकेचं कात्रण होतं, ते मी चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलं. निरोपाचं भाषण त्या इटालियन बाईच्या मुलीनं केलं होतं. ती आता त्याच गावात निवडून आलेली सदस्य आहे. ती म्हणाली, त्यांच्या नावाचं गावात काही नाही, त्यांची तशीच इच्छा होती. पण गुरुवारी पाच ते सहा कचेरीचं दार उघडं असतं. यापुढेही राहील. वाचून झाल्यावर मालक म्हणाले, "चोवीस वर्सं, बंगला न्हाई," आणि बराच वेळ मान हलवत राहिले. आईनं त्या संध्याकाळी भाकरी गार होऊ दिली, लोणी लावलं, सुरीनं चौकोनी तुकडे केले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. चांगले लागतात.

पत्र्याची पाटी अजून चाळीत फिरते. दोरी तीनदा बदलली. या आठवड्यात ती आमच्या दारावर आहे.

आजोबा शिकवायचे त्याच कंपनीत मी आता भाषांतराचा विभाग बघते. आईचं नाव गावच्या यादीत आहे, बाबांचं धाराशिवकडे. नळाला सकाळी साडेसहा ते सव्वासात पाणी असतं, बादली अडीच मिनिटांत भरते, टँकर बंद होऊन काही वर्षं झाली. माझी धाकटी बहीण यंदा बी.एस्सी. झाली. तीन वर्षांत पाण्यासाठी तिनं कॉलेज एकही दिवस बुडवलं नाही.